पंचाहत्तर रुपयांचा पाया: फर्ग्युसन महाविद्यालय आणि त्याची वाढती आवारे

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा इतिहास बहुधा त्याच्याशी जोडलेल्या माणसांच्या चरित्रांतून सांगितला जातो, आणि ती माणसे एवढ्या योग्यतेची आहेत की तसे होणे स्वाभाविकच आहे. टिळक, आगरकर, गोखले, कर्वे, परांजपे यांची चरित्रे वाचताना महाविद्यालय मात्र मागच्या पडद्यासारखे दिसत राहते, जणू टेकडीखालच्या त्या दगडी इमारती कोणीतरी आधीच बांधून ठेवल्या होत्या आणि ही मंडळी त्यांत येऊन शिकवू लागली. वस्तुस्थिती उलटी आहे. आधी शिक्षक होते, मग भाड्याचा वाडा, मग संस्था, मग नाव, आणि सर्वांत शेवटी जमीन व इमारत. या वाढीला लागलेला पैसा चार वाटांनी आला: संस्थानिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या देणग्या, सरकारी अनुदान, विद्यार्थ्यांची फी आणि शिक्षकांनी न घेतलेला पगार. पहिल्या तिन्हींच्या नोंदी हिशेबाच्या वह्यांत सापडतात, पहिलीच्या तर कोनशिलाही आहेत. चौथ्या वाटेने आलेली रक्कम कोणत्याही वहीच्या जमेच्या बाजूला लिहिलेली नाही, आणि महाविद्यालयाचा खरा पाया तीच होती.

पुण्यात उच्च शिक्षणाची सरकारी सोय बरीच आधीपासून होती. पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. दक्षिणा म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दरबारातून वाटले जाणारे द्रव्य. ही पाठशाळा १८५१ मध्ये पूना कॉलेजात मिळाली आणि पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याच्या बाजूला नवी वास्तू घेऊन तेच डेक्कन कॉलेज झाले. टिळक आणि आगरकर याच डेक्कन कॉलेजातले, आणि देशी माणसांनी चालवलेली शाळा काढण्याच्या त्यांच्या गप्पाही तिथल्याच. फरक असा, की डेक्कन कॉलेज सरकारचे होते, त्याचे प्राचार्य इंग्लंडहून येत आणि त्यांचे वेतन देशी शिक्षकाच्या कितीतरी पट असे. त्या दराने शिक्षक नेमून खाजगी महाविद्यालय चालवणे पुण्यातल्या कोणालाही शक्य नव्हते.

सरकारी शाळेतील नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. शाळेच्या पाठोपाठ आर्यभूषण छापखाना आला, आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूर संस्थानाविषयी या पत्रांतून केलेल्या लेखनावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले. ज्याच्या नावावर शाळा उभी राहिली तो माणूस दोन वर्षांत गेला आणि तिचे दोन शिक्षक तुरुंगात जाऊन आले, तरी शाळा मोडली नाही. हे कसे, याचे उत्तर नामजोशींच्या खटपटीत आणि आपट्यांच्या शिस्तीत शोधावे लागते. चरित्रकारांनी या दोघांना जेवढी जागा दिली त्याहून त्यांचा वाटा पुष्कळ मोठा आहे.

१८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने या मंडळींच्या पथ्यावर पडणारी भूमिका घेतली. शिक्षणाचा प्रत्यक्ष कारभार सरकारने हळूहळू आवरता घ्यावा आणि खाजगी संस्थांना अनुदान देऊन त्यांच्याकडून शिक्षणप्रसार करून घ्यावा, असे त्या आयोगाचे धोरण होते. अनुदान म्हणजे संस्थेच्या खर्चाचा काही हिस्सा सरकारने तपासणीच्या अटीवर उचलणे. मात्र अनुदान घ्यायचे तर चार मित्रांची शाळा पुरत नाही. तिच्यामागे घटना असलेली, हिशेब देणारी, चालक बदलले तरी टिकणारी संस्था लागते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ती या गरजेतून, आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे सहानुभूती असलेले इंग्रज अधिकारी व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे पुढारी तिच्या पाठीशी उभे राहिले.

या सोसायटीची घटना हा खरा अभ्यासाचा विषय आहे. तिच्यात देणगीदारांना स्थान होते, पण महाविद्यालयाचा दैनंदिन कारभार त्यांच्या हाती नव्हता. तो आजीव सभासदांच्या मंडळाकडे होता. आजीव सभासद, ज्यांना त्या काळचे लोक सरळ ‘लाइफ मेंबर’ म्हणत, म्हणजे किमान वीस वर्षे संस्थेतच शिकवण्याची लेखी प्रतिज्ञा केलेला शिक्षक. त्याला मिळणारे वेतन ठरलेले असे, पुढे कित्येक वर्षे ते दरमहा ७५ रुपये होते, आणि मुदत पुरी झाल्यावर अल्पसे निवृत्तिवेतन मिळे. त्याच्या मोबदल्यात तो संस्थेचा नोकर राहत नसे, चालक होई. कोणाला घ्यायचे, कोणता विषय सुरू करायचा, इमारत कोठे बांधायची, हे शिकवणारेच ठरवत. मालकी आणि मजुरी एकाच माणसात आणणारी ही व्यवस्था त्या काळच्या हिंदुस्थानात जवळजवळ नवी होती, आणि तिचा व्यावहारिक अर्थ असा की प्रत्येक आजीव सभासद बाजारभावाने मिळू शकणाऱ्या पगारातला मोठा भाग दरमहा, न बोलता, संस्थेला देणगी म्हणून देत होता.

महाविद्यालय २ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले, आणि त्याचे उद्‌घाटन मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ, म्हणजे त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू, यांच्या हस्ते झाले. नाव दिले गेले मुंबईचे मावळते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. देशी शिक्षणाचा झेंडा घेतलेल्यांनी आपल्या महाविद्यालयाला गव्हर्नराचे नाव द्यावे याची टर त्या काळीही उडवली गेली असेल, पण चालकांचा हिशेब साधा होता: गव्हर्नराच्या नावाच्या संस्थेसाठी देणगी मागायला गेलेल्या माणसाला संस्थानिकाचा दिवाण दारातून परत पाठवू शकत नसे. पहिले प्राचार्य झाले वामन शिवराम आपटे. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या हाताशी असतो. प्राचार्यपद, शाळेची देखरेख आणि कोशाचे काम एकाच वेळी वाहणारा हा माणूस १८९२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, वारला. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. आजीव सभासदत्वाच्या खर्चात हेही धरले पाहिजे.

वाड्यात महाविद्यालय चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येत नाही. वाडा हा चौकाभोवती बांधलेला, बाहेरच्या बाजूने बंद असलेला निवास. त्याच्या दिवाणखान्यात भाषा आणि गणित शिकवता येते, सोप्यात आणखी एक वर्ग बसवता येतो, पण प्रयोगशाळेला लागणारा उजेड व पाणी, ग्रंथालयाला लागणाऱ्या कोरड्या खोल्या आणि मुलांना खेळायला मैदान तिथे कोठून येणार? मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहायचे आणि पदवीपर्यंतचे सर्व वर्ग चालवायचे, तर संलग्नतेच्या अटी, म्हणजे विद्यापीठाने परीक्षेस विद्यार्थी बसवू देण्यासाठी घातलेल्या शिक्षक, ग्रंथ आणि उपकरणे यांच्या अटी, पुऱ्या कराव्या लागत. शाळेला पेठांत जागा मिळत गेली. पण महाविद्यालयाने शहराबाहेर पडायचे हे चालकांनी लवकरच ओळखले होते.

त्याआधी मात्र घर फुटले. वाद पैशाचा होता असे म्हणणे अपुरे, आणि तत्त्वाचा होता असे म्हणणे भाबडे. तो पैशाविषयीच्या तत्त्वाचा होता. आजीव सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरून मिळवलेले उत्पन्न संस्थेत जमा करावे आणि वेतनवाढ मागू नये, ही टिळकांची भूमिका होती. ते या मंडळाकडे जेझुइट पाद्र्यांच्या संघाच्या नमुन्यावर पाहत. आगरकर आणि आजीव सभासद गोपाळ कृष्ण गोखले आदींचे म्हणणे असे, की वीस वर्षे संसार करायचा आहे, महागाई वाढते, आणि फावल्या वेळातल्या लेखनावर किंवा सार्वजनिक कामावर संस्थेचा हक्क असू नये. सामाजिक सुधारणेवरून आगरकर-टिळकांत आधीच बिनसले होते, आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे स्वतंत्र पत्र काढले होते. त्यात १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याचे निमित्त झाले आणि त्या वर्षअखेर टिळकांनी भलामोठा राजीनामा लिहून सोसायटी सोडली. दोन्ही पक्षांत त्याग होता, हे विसरून या वादाचे वर्णन अनेकदा होते. टिळकांचा आग्रह तर्कशुद्ध होता. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा विस्तार ज्यांच्यामुळे झाला ती माणसे आगरकर-गोखल्यांच्या सैल नियमातच राहू शकली असती, हेही तितकेच खरे.

टिळकांच्या जाण्याने गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, आणि गोखल्यांनी मुंबईहून आपल्या कॉलेजातल्या परिचयाच्या धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतले. कर्वे १८९१ मध्ये आले आणि १९१४ पर्यंत गणित शिकवत राहिले. मधल्या काळात त्यांनी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून हिंगण्यापर्यंत पायी जाण्याचा क्रम चालवला. १९१६ चे महिला विद्यापीठ याच धडपडीचे फळ. टिळकांच्या कडक नियमानुसार कर्व्यांचे हे सारे उद्योग ‘बाहेरचे काम’ ठरले असते. गोखल्यांनी स्वतः १९०२ मध्ये निवृत्त होऊन राजकारणाला वाहून घेतले आणि १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला; अल्प वेतन, प्रतिज्ञा आणि आजीव सभासदत्व ही त्याची घडण कोठून उचलली, हे वेगळे सांगायला नको.

नव्या जागेसाठी पैसा जमवण्याचे काम आधी नामजोशींनी आणि मग गोखल्यांनी केले. नामजोशी संस्थानांत फिरत. दरबारी रीतीभाती, दिवाणांचे स्वभाव, कोणत्या समारंभाच्या वेळी कोणापुढे वही ठेवायची याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला नव्हते. जागा निवडली ती मुठेच्या पलीकडे, भांबुर्डे गावाच्या हद्दीत, चतुःशृंगीच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर. त्या काळी लकडी पूल ओलांडला की शहर संपत असे. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी महाविद्यालय या माळावर गेले, आणि आज तिथले आवार सुमारे ६५ एकरांचे आहे. पेठांतल्या पालकाला मुलगा ‘पलीकडे’ पाठवणे हे जवळजवळ परगावी पाठवण्यासारखेच वाटत असावे. तरीही या निर्णयाने दोन गोष्टी शक्य झाल्या: शास्त्र विषयांचे शिक्षण आणि वसतिगृह.

वसतिगृहाचे महत्त्व इमारतीपुरते नाही. वाड्यातले महाविद्यालय पुण्याच्या मुलांचे होते. टेकडीखालचे महाविद्यालय नाशिक, कोकण, वऱ्हाड, कर्नाटक आणि गोमंतक येथून आलेल्या मुलांचेही झाले. नाशिकहून १९०२ मध्ये आलेले विनायक दामोदर सावरकर याच वसतिगृहात राहत. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तिच्यातल्या पुढाकाराबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, याच महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९९ मध्ये पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’चा, मान मिळवणारे पहिले भारतीय. सरकारी नोकरीत सहज मोठे पद मिळाले असते अशा या माणसाने परत येऊन पंचाहत्तर रुपयांवर प्राचार्यपद स्वीकारले, आणि त्याच माणसाने सावरकरांना दंड केला, या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय त्या काळचे फर्ग्युसन समजत नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेला सरकारची मर्जी सांभाळावी लागे; त्या मर्जीची किंमत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी दोघांनीही मोजली. सावरकरांची खोली आज त्याच आवारात स्मारक म्हणून जपलेली आहे.

परांजप्यांच्या दोन दशकांच्या काळात आवार भरत गेले. वाडिया घराण्याच्या देणग्यांनी उभे राहिलेले अँफिथिएटर, म्हणजे उतरत्या बैठकांचे सभागृह, आणि बाई जेरबाई वाडिया ग्रंथालय ही मुंबईच्या पारशी दानशीलतेची पुण्यातली चिन्हे आहेत. विषयही वाढले. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, ज्यांनी बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेश पालथे घातले होते, त्यांनी १९१२ पासून सहा वर्षे येथे पाली शिकवली, आणि पश्चिम हिंदुस्थानात पालीच्या अभ्यासाची परंपरा रुजली ती मुख्यतः त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे. पुढे त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी याच महाविद्यालयात १९३० आणि १९४० च्या दशकांत गणित शिकवले. इतिहासलेखनातली त्यांची कीर्ती नंतरची, पण त्या लेखनाची तयारी पुण्याच्या याच वर्षांतली. वाडिया ग्रंथालयाने मात्र एक वेगळाच दिवस पाहिला: २२ जुलै १९३१ रोजी मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन भेटीला आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर तिथेच गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले, गोगटे तुरुंगात गेले. ज्या प्रांताच्या गव्हर्नराचे नाव महाविद्यालयाने सेहेचाळीस वर्षांपूर्वी घेतले होते, त्याच प्रांताच्या गव्हर्नरावर त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गोळी चालली. यापेक्षा अधिक भाष्याची गरज नाही.

महाविद्यालय माळावर गेल्याने माळाचेही रूप पालटले. भारत सेवक समाजाने शेजारीच जागा घेतली आणि त्याच्याच आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ मध्ये लॉ कॉलेज अशा संस्था मुठेच्या या तीरावर, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या राहिल्या. पुण्याला ‘विद्येचे माहेरघर’ म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे येणारे पुणे बहुतांशी हा दीड-दोन मैलांचा पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात पहिल्याने पाय रोवणाऱ्यांत फर्ग्युसन होते.

घटनेचे अनुकरणही झाले. पुण्यातल्या शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज काढले, तेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. त्याच वर्षी बेळगावात सात शिक्षकांनी कर्नाटक लिबरल एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिच्यापुढेही पुण्याचा नमुना होता. पण सोसायटीने स्वतः दुसरे महाविद्यालय काढायला चौतीस वर्षे घेतली. दक्षिण महाराष्ट्रात तोवर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज होते आणि १९१७ मध्ये धारवाडला सरकारी कर्नाटक कॉलेज झाले होते. सातारा, सांगली, मिरज आणि बेळगाव या टापूतल्या मुलांना तरीही पुण्याची वाट धरावी लागे. २२ जून १९१९ रोजी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले ते ही वाट आखूड करण्यासाठी. नाव पुन्हा गव्हर्नराचेच, लॉर्ड विलिंग्डन यांचे. पहिले प्राचार्य गोविंद चिमणाजी भाटे, फर्ग्युसनमधून गेलेले. सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधल्या विश्रामबागेच्या माळावर त्याचे आवार वसले, आणि पुण्यातलाच प्रयोग पुन्हा झाला: गावाबाहेर मोकळी जमीन, वसतिगृह, आणि मुख्य संस्थेतून पाठवलेले आजीव सभासद.

ही शेवटची बाब विस्ताराची किल्ली आहे. नव्या महाविद्यालयाला जमीन आणि दगड स्थानिक लोक पुरवू शकत. अनुभवी शिक्षक पुरवणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. प्रतिज्ञा संस्थेशी असल्यामुळे आजीव सभासदाची बदली पुण्याहून सांगलीला, सांगलीहून पुण्याला होऊ शके. कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक यांनी फर्ग्युसनमध्ये अध्यापन केले आणि पुढे ते विलिंग्डनचे प्राचार्य झाले; विद्यार्थीही या वाटेने फिरत, पु. ल. देशपांडे यांनी दोन्ही महाविद्यालयांत शिक्षण घेतले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे विद्यार्थी एका वर्गात बसवणारे विलिंग्डन हे सीमाप्रश्न पेटण्यापूर्वीच्या एका प्रदेशाचे चित्र होते, ते पुढे पुसट झाले.

तिसरे महाविद्यालय वाणिज्याचे. मुंबईला १९१३ पासून सिडनहॅम कॉलेज होते, पण मुंबईबाहेरच्या मराठी मुलाला हिशेब, बँका आणि व्यापारी कायदा यांचे पदवीशिक्षण घ्यायचे तर घर सोडावे लागे. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, फर्ग्युसनच्या शेजारच्या जमिनीवर बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि त्याचे पहिले प्राचार्य अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे झाले. नाव बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर कंपनीच्या देणगीवरून आले. गव्हर्नर आणि संस्थानिक यांच्या जागी मराठी उद्योजक आला, हा बदल लहान नाही. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये मुंबईत दादरला, समुद्राच्या काठी, कीर्ती महाविद्यालय आणि १९६० मध्ये सांगलीत चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९४९ पर्यंत सगळी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाखाली होती. त्या वर्षी पुणे विद्यापीठ आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाल्यावर एकाच सोसायटीची महाविद्यालये तीन विद्यापीठांत विभागली गेली, आणि सगळ्यांचा एकच अभ्यासक्रम असण्याचे दिवस संपले.

याच काळात मूळ पायाही बदलला. सरकारने अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांच्या पगाराची जबाबदारी टप्प्याटप्प्याने घेतली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी आल्या, आणि पंचाहत्तर रुपयांच्या प्रतिज्ञेचे आर्थिक कारणच उरले नाही. शिक्षकाला रास्त पगार मिळू लागला, ही गोष्ट आनंदाचीच. आगरकरांनी तीच मागितली होती. पण पगार सरकारकडून येऊ लागल्यावर कारभारावरचा शिक्षकाचा हक्कही पातळ होतो, हे टिळकांच्या बाजूचे म्हणणे या बदलातून खरे ठरले. पुढचा विस्तार वेगळ्या रीतीने झाला: १९७४ मध्ये व्यवस्थापन शिक्षणाची संस्था, २००४ मध्ये नवलमल फिरोदिया विधी महाविद्यालय, आणि अनुदानाशिवाय, मुख्यतः फीवर चालणारे अनेक अभ्यासक्रम. फर्ग्युसनला २०१६ मध्ये स्वायत्तता, म्हणजे विद्यापीठाच्या पदवीखाली स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची आणि परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२३ मध्ये सोसायटीचे स्वतःचे खाजगी विद्यापीठ सुरू झाले. पूर्वी शिक्षक कमी घेऊन विस्तार पेलत असे. आता विद्यार्थी अधिक देऊन पेलतो. नादारी, म्हणजे गरीब विद्यार्थ्याला फीमाफी, हा शब्द संस्थेच्या जुन्या भाषेत जितका सहज होता तितका नव्या भाषेत नाही, हे या बदलाचे मोजमाप म्हणून पुरेसे आहे.

नावांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. फर्ग्युसन आणि विलिंग्डन हे दोन गव्हर्नर, चिंतामणराव हे सांगलीचे अधिपती, बृहन्महाराष्ट्र ही कंपनी, कीर्ती आणि फिरोदिया ही देणगीदारांकडून आलेली नावे. या सहा महाविद्यालयांपैकी एकाच्याही नावात पंचाहत्तर रुपयांवर राहिलेला शिक्षक नाही. त्यांची नावे रस्त्यांना मिळाली. ज्याला सारे पुणे ‘एफ. सी. रोड’ म्हणते त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे. महाविद्यालयापासून थोड्या अंतरावर आघारकर संशोधन संस्था आहे. तिचे नाव अनेकांना आगरकरांचे वाटते, पण ते वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे आहे. गोपाळ गणेश आगरकरांचे नाव त्या संस्थेच्या फाटकासमोरून जाणाऱ्या रस्त्याला आहे.